‘समुपदेशन घेऊन प्रमाणपत्र सादर करावे’: नाशिकच्या कारखान्यांना आणि कामगार संघटनांना खुले पत्र

प्रति,
मनुष्यबळ अधिकारी, कारखाना व्यवस्थापक आणि कामगार संघटनांचे पदाधिकारी,
सातपूर, अंबड, गोंदे आणि सिन्नर औद्योगिक वसाहती, जिल्हा नाशिक

सप्रेम नमस्कार.

लाइनवर दोघांची जुंपली, कॉलर धरली गेली, कोणी हातातला स्पॅनर भिरकावला, की पुढचा क्रम ठरलेला असतो. गेटबाहेर, मेमो, लेखी खुलासा, प्रकरण वाढलं तर चार्जशीट आणि निलंबन. अलीकडे काही ठिकाणी माफीनाम्याच्या तळाला आणखी एक वाक्य येऊ लागलं आहे: ‘समुपदेशन घेऊन प्रमाणपत्र सादर करावे.’ हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे.

आम्ही नाशिकमध्ये मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी काही माणसं आहोत. या वाक्यामागचा तुमचा हेतू चांगला आहे, याबद्दल आम्हाला शंका नाही. नोकरी घालवण्याऐवजी माणसाला सावरायची संधी द्यावी, असाच तो आहे. पण त्या वाक्यात कोणाकडे जायचं, काय विचारायचं, किती वेळ लागेल, पैसे कोण देणार, यातलं काहीच नसतं. मग तो कामगार मोबाइलवर शोधतो, सगळ्यात मोठी जाहिरात ज्याची त्याच्याकडे जातो, एका बैठकीचे पैसे भरतो आणि छापील कागद घेऊन येतो. तुमच्या फाइलला कागद लागतो, त्याचा राग मात्र तिथेच राहतो. तीन महिन्यांनी पुन्हा भांडण झालं की म्हणतात, ‘ह्याला समुपदेशन पण करून बघितलं.’ खरं तर ते झालेलंच नसतं.

आधी हे काम कसलं आहे ते सांगतो. राग ही भावना आहे, आजार नाही. तो आवरण्याचं प्रशिक्षण असतं आणि ते सायकल शिकण्यासारखं सरावाने येतं. बहुतेक पद्धतींचं मूळ रेमंड नोव्हाको या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली मांडलेल्या कामात आहे: ठिणगी कुठे पडते ते ओळखणं, शरीराची उत्तेजना खाली आणणं, डोक्यात येणारा विचार तपासणं आणि वेगळं वागून बघणं. एकेकट्याने घेतलं तर साधारण ८ ते १२ बैठका लागतात, आठवड्याला एक, प्रत्येकी ४५ ते ६० मिनिटांची. अमेरिकेत सरकारी पातळीवर वापरली जाणारी गटाची पद्धत १२ आठवड्यांची असून दर आठवड्याला दीड तास चालते. तेव्हा कोणी एका बैठकीत किंवा ‘सात दिवसांत रागमुक्ती’ देत असेल, तर तिथून परत फिरावं.

आता माणूस कोण. पाटीवरच्या शब्दांनी सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. केलेला डॉक्टर. तो औषध लिहू शकतो आणि त्याची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, ज्यांना आपण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतो, ते मानसशास्त्रातल्या एम.ए. नंतर रुग्णालयात प्रत्यक्ष कामासह दोन वर्षांचं एम.फिल. किंवा त्या तोडीचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ते औषध देत नाहीत, पण रागावरचं प्रशिक्षण बहुतेक वेळा त्यांच्याकडेच नीट होतं. मानसशास्त्र किंवा समाजकार्यात एम.ए., एम.एस.डब्ल्यू. केलेले समुपदेशकही हे काम चांगलं करू शकतात, मात्र त्यांनी रागावरची ठरलेली पद्धत शिकलेली असावी आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम केलेलं असावं.

याखेरीज ‘माइंड कोच’, ‘हिप्नोथेरपिस्ट’, ‘हीलर’ अशा पाट्या कॉलेज रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत दिसतात. त्यांतले काही जण प्रामाणिक असतील, पण दोन दिवसांच्या वर्गावर मिळालेलं प्रमाणपत्र आणि दोन वर्षं वॉर्डात काम करून मिळवलेली नोंदणी यांत मोठा फरक आहे. नोंदणी तपासायला दहा मिनिटं पुरतात. आरसीआयच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत व्यक्तींचा शोध घेता येतो. नोंदणी क्रमांक मागावा, नाव जुळतं का ते पाहावं, वर्गवारीत ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ आहे का आणि मुदत संपलेली नाही ना, हेही पाहावं. डॉक्टरचा क्रमांक चिठ्ठीवर छापलेला असतो. क्रमांक मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे राग आवरायला शिकण्यासाठी माणूस पाठवू नये.

हे तपासण्याचं काम मनुष्यबळ विभागाने करावं, अशी आमची पहिली विनंती आहे. मेमो मिळालेला माणूस आधीच खाली मान घालून बसलेला असतो. त्याला आणखी शोधमोहिमेवर लावू नका. वर्षातून एकदा विभागातल्या एका व्यक्तीने पाच-सहा जणांची यादी करावी: दोन मनोविकारतज्ज्ञ, तीन मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक, आणि सरकारी रुग्णालय. यादीत निदान एक स्त्री असावी आणि एक जण कारखान्याच्या जवळचा असावा. सिन्नरहून नाशिकला यायचं म्हणजे साधारण तीस किलोमीटर, तेही पुणे रस्त्यावरच्या गर्दीत. दर आठवड्याला हा फेरा करणारा कामगार तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गळतो. ज्या गोष्टी लिहून ठेवायच्या त्या यादी करतानाच फोनवर विचाराव्यात. रागाच्या किती जणांबरोबर काम केलं आहे? कोणती पद्धत वापरता, आणि मधल्या दिवसांत घरी करायला काय देता? एका बैठकीची फी किती, आणि बैठक चुकली तर किती? संध्याकाळी किंवा रविवारी वेळ मिळते का? दारूचा प्रश्न निघाला तर काय करता? औषधाची गरज वाटली तर कोणाकडे पाठवता? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. ‘आम्ही त्यांना मोकळं बोलू देतो’ एवढंच उत्तर आलं, तर ते रागासाठी पुरेसं नाही.

भाषेचाही विचार करा. अंबडच्या एकाच शेडमध्ये अहिराणी बोलणारा, कसमादे भागातून आलेला, बिहारचा आणि नाशिकरोडचा असे चौघे उभे असतात. ‘माझं टाळकं सरकतं’, ‘डोळ्यांपुढे लाल होतं’ हे ज्याला ज्या भाषेत सांगता येतं, त्याच भाषेत ऐकणारा हवा. इंग्रजीतून छापलेल्या प्रश्नावलीवर सही घेऊन निष्कर्ष काढणं हा निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

पैशाचं. नाशिकमध्ये खासगी बैठकीचे दर एकसारखे नाहीत, म्हणून एका बैठकीची फी ऐकून निर्णय घेऊ नका, तिला दहाने गुणा. ८०० रुपये फी असेल तर ८,००० रुपये होतात, शिवाय येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेला ओटी, म्हणजे ओव्हरटाइम. हा आकडा पहिल्याच दिवशी समोर असला, तर माणूस चौथ्या बैठकीला पैशाअभावी थांबत नाही. बरेच जण दर थोडा कमीही करतात, पण ते आधी विचारावं लागतं. सरकारी पर्याय म्हणजे त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, आपलं सिव्हिल. तिथे मनोविकार विभागाची ओपीडी आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. सातपूरहून तोच रस्ता सरळ सिव्हिलपर्यंत जातो. आडगावला वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालयही आहे. गर्दीमुळे सिव्हिलला प्रत्येक बैठक तासाभराची मिळेलच असं नाही, पण तपासणी, निदान आणि औषध यांसाठी ती भक्कम जागा आहे. प्रशिक्षणाचा भाग मग बाहेर मानसशास्त्रज्ञाकडे घेता येतो.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराची ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी दरमहा कापली जाते. त्यात मानसिक आजाराचा उपचारही येतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. नाव नोंदलेल्या दवाखान्यातून सुरुवात करायची, तिथून सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयाकडे आणि गरज पडली तर पुढे रेफरल घ्यायचं. कंत्राटी कामगारांच्या बाबतीत ठेकेदाराने वर्गणी खरोखर भरली आहे का, हे आधी बघा. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते आणि विम्याचा क्रमांक बंद निघतो, असं व्हायला नको. ज्यांना समूह आरोग्य विमा आहे त्यांच्यासाठी: मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमासंरक्षण द्यावं, असं मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरचाच खर्च देतात, आणि रागाच्या बैठका ओपीडीत होतात. पॉलिसीचं नूतनीकरण करताना ओपीडीचं संरक्षण जोडून घ्या. ते तुमच्या हातात आहे, कामगाराच्या नाही.

वेळेचा प्रश्न पैशापेक्षाही अवघड आहे, आणि तो शिफ्टमुळे आहे. समुपदेशक म्हणतो, ‘दर मंगळवारी संध्याकाळी साडेपाच.’ फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते जमतं, सेकंडच्या आठवड्यात तो माणूस त्या वेळी मशिनवर असतो. दोन बैठका बुडतात आणि मग लाज वाटून तो जातच नाही. उपाय साधा आहे. पहिल्याच भेटीत महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक समुपदेशकापुढे ठेवायचं आणि दोन आलटून-पालटून वेळा ठरवायच्या: फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळची, सेकंडच्या आठवड्यात सकाळी अकराची. सकाळची वेळ सिव्हिलच्या ओपीडीलाही जुळते. नाइट शिफ्ट संपवून थेट बैठकीला मात्र पाठवू नका. रात्रभर जागलेल्या मेंदूला नवीन काही शिकवता येत नाही. झोप काढून दुपारनंतर जावं. सुपरवायझरने त्या दिवशी डबल ड्युटी लावू नये, एवढं लेखी ठरलं तरी निम्मी गळती थांबेल.

झोपेचा विषय निघाला म्हणून इथे जरा थांबतो, कारण रागाची किती तरी प्रकरणं रागाची नसतातच. शिफ्ट सतत बदलत असेल आणि झोप चार-पाच तासांवर आली असेल, तर कोणीही चिडखोर होतो. मोठ्याने घोरणारा, दिवसा पेंगणारा, सकाळी डोकं जड घेऊन उठणारा माणूस तापट असेल, तर झोपेत श्वास अडकतो का ते तपासायला हवं. थायरॉइड वाढलेलं असेल तर हात थरथरतात, वजन उतरतं, छाती धडधडते आणि माणूस क्षुल्लक गोष्टीवर खेकसतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन घेणारा जेवण चुकल्यावर अचानक भडकत असेल, तर आधी साखर बघावी. फिट्ससाठी दिल्या जाणाऱ्या लेव्हेटिरासिटाम या औषधाने काही जणांत चिडचिड वाढते, स्टिरॉइडनेही वाढते. अशी औषधं स्वतःहून बंद करू नयेत, लिहून देणाऱ्या डॉक्टरला सांगावं. मोटरसायकलवरून पडून डोक्याला मार लागल्यानंतर स्वभाव बदलला असेल, किंवा आयुष्यभर शांत असलेला माणूस पन्नाशीनंतर अचानक आक्रमक झाला असेल, तर समुपदेशकाच्या आधी डॉक्टर गाठावा. पुरुषांमधलं नैराश्य पुष्कळदा रडण्याऐवजी चिडण्यातून बाहेर येतं. आणि प्रेस शॉपमध्ये वर्षानुवर्षं काम केलेल्याला ऐकू कमी येतं, तो मोठ्याने बोलतो, समोरच्याला वाटतं हा ओरडतोय. तिथे कानाची तपासणी करायची असते.

म्हणून आमचा आग्रह आहे की पहिली भेट पूर्ण तपासणीची असावी. चांगला तज्ज्ञ त्यात विचारतो: शेवटची तीन भांडणं नेमकी कशी झाली, झोप किती, दारू, तंबाखू, गांजा किती, कोणती औषधं चालू, डोक्याला मार, घरात कोणाला इजा झाली का, जीव द्यावासा वाटतो का. राग मोजणारी एक प्रश्नावलीही भरून घेतली जाते, म्हणजे सहाव्या बैठकीला पुन्हा भरून फरक बघता येतो. ‘इंटरमिटंट एक्सप्लोझिव्ह डिसऑर्डर’ नावाचं एक निदान आहे, ते याच वेळी तपासलं जातं. तीन महिने आठवड्यातून सरासरी दोनदा असे शाब्दिक किंवा किरकोळ हाणामारीचे उद्रेक, किंवा वर्षभरात इजा वा तोडफोडीपर्यंत गेलेले तीन उद्रेक, आणि तेही कारणाच्या मानाने फार मोठे, हा त्याचा ढोबळ निकष. तिथे औषधाचाही उपयोग होतो. पण एका भांडणावरून कोणावरही हे नाव चिकटवू नये.

दारूबद्दल स्पष्ट सांगायला हवं. राग फक्त पिल्यावरच येत असेल, तर आधी दारूचा उपचार. दारू चालू ठेवून रागाचं प्रशिक्षण टिकत नाही, कारण जो ब्रेक आपण बसवतो तोच दारू सैल करते. रोज पिणाऱ्याने एकदम बंदही करू नये. हात थरथरणं, घाम, भास, फिट असं दोन-तीन दिवसांत होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवावी.

प्रशिक्षणात नेमकं काय होतं, हे तुम्हाला माहीत असावं, म्हणजे कामगाराला काय शिकवलं जातंय हे समजेल आणि शॉप फ्लोअरवर त्याला आडकाठी होणार नाही. पहिले दोन आठवडे नुसती नोंद. खिशातल्या वहीत वेळ, काय घडलं, मनात काय आलं, शरीरात काय झालं, मी काय केलं, मग काय झालं, आणि शून्य ते दहापैकी राग किती. ही नोंद त्याच दिवशी व्हायला हवी. रविवारी रात्री बसून आठवड्याची वही एकदम भरली तर तिचा काही उपयोग नाही, कारण तोवर ‘त्यानेच सुरू केलं’ एवढंच आठवतं. दोन आठवड्यांत नमुना दिसू लागतो: राग जेवणाआधीच्या तासात येतो, टार्गेटचा बोर्ड बदलला की येतो, एका ठराविक माणसाच्या ठराविक शब्दाने येतो.

मग शरीर. जबडा आवळतो, कान गरम होतात, मूठ वळते. हे तीन-चार आकड्यावर असतानाच पकडायचं असतं, आठवर गेल्यावर कोणतीच युक्ती चालत नाही. श्वास चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि तेही शांत असताना. पुष्कळ जण सराव न करता थेट भांडणात श्वास मोजायला जातात आणि म्हणतात, ‘काही होत नाही.’ पोहायला कोणी पुरात शिकत नाही. इथेच एक जुना गैरसमज काढून टाकायला हवा. ‘राग बाहेर काढ, उशी बडव, मोकळा हो’ हा सल्ला चुकीचा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं की शरीराची उत्तेजना कमी करणाऱ्या गोष्टींनी राग उतरतो, आदळआपट करून उतरत नाही. उलट बडवण्याचा सराव होतो.

मग बाजूला होणं, ज्याला टाइम-आउट म्हणतात. इथे तुमचं सहकार्य नसेल तर सगळं अडतं. नियम असा: आकडा पाचवर आला की ठरलेलं वाक्य बोलायचं, ‘मी वीस मिनिटांत येतो’, मशिन सुरक्षित अवस्थेत ठेवून सुपरवायझरला सांगायचं आणि ठरलेल्या जागी जायचं. तिथे सिगारेट नाही, फोनवर मित्राला तेच भांडण सांगणं नाही, मोटरसायकल काढून भरधाव जाणं नाही. चालायचं, पाणी प्यायचं, श्वास. आणि वीस मिनिटांनी परत यायचंच. परत न येणं हा रुसवा झाला. आज असा माणूस लाइन सोडतो तेव्हा त्याच्या नावावर ‘विनापरवाना जागा सोडली’ असा दुसरा मेमो निघतो. ज्याने हात उगारण्याऐवजी पाय मागे घेतला, त्यालाच शिक्षा. तेवढी वीस मिनिटं लाइन सांभाळायला रिलिव्हर, म्हणजे बदली माणूस, देण्याची सोय करा आणि ही सवलत लेखी द्या.

पुढचा टप्पा विचारांचा, आणि आमच्या मते खरं काम तिथेच होतं. राग येण्याआधी डोक्यात एक वाक्य चमकून जातं: ‘मुद्दाम केलं’, ‘मला किंमत देत नाही’, ‘सगळ्यांसमोर काढली माझी’. मागच्या स्टेशनवरून खराब पीस आला तर तो मुद्दाम पाठवला की फिक्स्चर सैल होतं, हे बघायच्या आधीच निकाल लागलेला असतो. ते वाक्य कागदावर उतरवून त्याला पुरावा मागायचा, दुसरं कारण असू शकतं का ते शोधायचं. शेवटी बोलायचा सराव, समुपदेशकाबरोबर प्रत्यक्ष करून. ‘तुला अक्कल नाही’ याऐवजी ‘पीस असा आला की माझं टार्गेट अडतं, आत्ता बघशील का?’ शेवटच्या दोन बैठका पंधरा दिवसांच्या अंतराने घेतात आणि पुन्हा उद्रेक झाला तर काय करायचं हे ठरवतात. तो होतोच एखादा. म्हणून सहाव्या आठवड्यात एकदा आवाज चढला तर ‘उपचार फुकट गेला’ असा शेरा मारू नका. उद्रेक महिन्याला किती, किती वेळ टिकतो, हात उगारला जातो का, हे मोजा.

आता प्रमाणपत्राकडे परत येतो. ‘राग पूर्ण बरा झाला’ असं कोणी प्रामाणिक तज्ज्ञ लिहून देऊ शकत नाही, आणि तुम्ही मागूही नये. बैठकीत काय बोललं गेलं, निदान काय, औषध कोणतं, यांवर तुमचा हक्क नाही. २०१७ च्या कायद्याने उपचार घेणाऱ्याच्या माहितीची गोपनीयता हा त्याचा हक्क मानला आहे. अहवाल साहेबांकडे जाणार हे कळताच कामगार बोलणं बंद करतो, मग त्या बैठकीला अर्थ राहत नाही. तुम्हाला मिळू शकते ती हजेरीची चिठ्ठी: तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. कंपनीने स्वतः समुपदेशक नेमला असेल तर करारात हेच लिहा. महिन्यात किती जण आले याचा त्याने एकूण आकडा द्यावा, विभागवार देऊ नये. आठ जणांच्या टूल रूममधला ‘एक’ कोण, हे सगळ्यांना कळतं. आणि त्याची खोली एचआरच्या काचेच्या केबिनशेजारी नको.

संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना एक वेगळं सांगायचं आहे. तुमच्यातल्या काहींना वाटतं की समुपदेशन म्हणजे कामगाराला मुकाट करायची युक्ती. ही शंका अगदी निराधार नाही. थकलेला ओटी, ठेकेदाराने कापलेले पैसे, आईबहिणीवरून शिव्या देणारा सुपरवायझर, यांवर राग येणं योग्यच आहे. माणूस चिडला म्हणून त्याची तक्रार खोटी ठरत नाही. चिडून हात उचलला की मात्र चर्चा हाताची होते आणि तक्रार बाजूला पडते. म्हणून मेमोची चौकशी आणि मूळ तक्रारीची चौकशी या दोन वेगळ्या फाइली ठेवायची मागणी तुम्ही करा. व्यवस्थापनालाही तेच: यादी फक्त मशिनवरच्या माणसांसाठी नसावी. शिव्या वरून खाली येतात. ज्या लाइनवर वर्षात तीन भांडणं झाली, तिथल्या सुपरवायझरलाही याच प्रशिक्षणाला पाठवा.

एका बाबतीत मात्र रागाचं प्रशिक्षण पुरेसं नसतं. कामावर साहेबासमोर शांत, मित्रांत हसतमुख, आणि घरी बायकोला मारणारा माणूस ताबा सुटल्यामुळे मारत नाही. ताबा त्याला इतर सगळीकडे ठेवता येतो. तिथे आधी तिची आणि मुलांची सुरक्षितता, मग त्याचं काम, आणि तेही अशा प्रकरणांचा अनुभव असलेल्याकडेच. दोघांना एकत्र बसवून समेट घडवू नका. बैठकीत ती खरं बोलली तर त्याची किंमत तिला रात्री घरी मोजावी लागते. तिला महिला मदतवाहिनी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक माहीत हवेत. कॅन्टीनमध्ये आणि महिलांच्या स्वच्छतागृहात ते लावून ठेवा.

काही वेळा थांबायला वेळच नसतो. कोणी ठार मारण्याची धमकी नाव घेऊन देत असेल, हत्यार जवळ बाळगत असेल, जीव द्यायची भाषा करत असेल, किंवा चार-पाच रात्री झोप नसताना अफाट उत्साहाने मोठमोठ्या गोष्टी बोलत प्रत्येकावर तुटून पडत असेल, तर समुपदेशकाची पुढच्या मंगळवारची वेळ कामाची नाही. नातेवाइकांना बोलावून त्याच दिवशी सिव्हिल किंवा मनोविकारतज्ज्ञ गाठावा, हिंसा सुरू असेल तर ११२. आणि रात्री दोन वाजता कोणाशी तरी बोलायची गरज असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारने तो १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केला, चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीतून बोलता येतं. थर्ड शिफ्टच्या माणसाला हा क्रमांक विशेष उपयोगी आहे.

शेवटी, माफीनाम्याखालचं ते वाक्य बदला. त्याच्या जागी हा मजकूर घ्यावा, अशी विनंती आहे:

‘सोबत नोंदणी तपासलेल्या तज्ज्ञांची यादी जोडली आहे. त्यांपैकी कोणाकडेही, किंवा आपल्या पसंतीच्या नोंदणीकृत तज्ज्ञाकडे, पंधरा दिवसांत पहिली भेट घ्यावी. दहा बैठकांपर्यंतचा खर्च कंपनी देईल. बैठकीच्या दिवशी ओटी लावला जाणार नाही आणि शिफ्ट वेळेनुसार जुळवून दिली जाईल. फक्त हजेरीची चिठ्ठी द्यावी, बैठकीतील कोणतीही माहिती मागितली जाणार नाही. कामावर असताना वीस मिनिटे बाजूला होण्याची सवलत आजपासून लागू आहे. आपली मूळ तक्रार स्वतंत्र क्रमांकाने नोंदवली असून तिच्यावर तीस दिवसांत लेखी उत्तर मिळेल.’

आपले,
नाशिकमधील मानसिक आरोग्य क्षेत्रात काम करणारे काही मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक